आयरिश वंशावळ दर वेळी त्याच घरापाशी येऊन अडकते, तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक एकाच चालीची असते. आजीपर्यंत सगळं सुरळीत. पणजीचा जन्मदाखला मात्र मिळत नाही, नाहीतर एकाच नावाचे तीन मिळतात. १९०१ मध्ये छप्पन्नची असलेली बाई १९११ मध्ये एकाहत्तरची होते. घरात आठ भावंडं होती असं सगळे सांगतात, कागदावर सातच भरतात. डीएनए चाचणी करावी तर अमेरिकेतला कुणी आजोबा जवळचा नातेवाईक म्हणून उगवतो आणि त्याला कुठल्या फांदीवर बसवायचं ते कळत नाही. मग आणखी एका संकेतस्थळाचे पैसे भरायचे आणि तिथेही त्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबायचं.

मी अकरा वर्षं कॉर्कमध्ये राहते, नवरा इथलाच. सासूबाईंच्या माहेरची वंशावळ चार वर्षं अशीच अडकली होती, आणि ती माझ्यामुळे अडकली होती. मी नाव शोधत बसले होते. आयर्लंडमध्ये नाव हा सगळ्यात कच्चा दुवा आहे. साक्षीदार, गॉडफादर-गॉडमदर, मार्जिनमधला शेरा, ‘एकूण किती मुलं झाली’ असल्या ज्या कडेच्या रकान्यांवरून माझी नजर घसरत होती, तिथे सगळं लिहिलेलं होतं.

कागद खरंच जळले आहेत का?

काही जळले, सगळे नाही. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे कागद तिथेच होते, त्यातले थोडे तुकडे उरले. पण १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्यामुळे १९२२ च्या आधीच्या, पूर्ण आणि घरोघरच्या अशा हाताशी येतात त्या १९०१ आणि १९११ च्याच. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

लोक मात्र ‘सगळं बाविसात जळलं’ म्हणून हात झटकतात. कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीच्या) नोंदवह्या त्या इमारतीत नव्हत्याच, त्या गावोगावच्या चर्चमध्ये होत्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांच्या प्रतिमा राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट खुल्या केल्या आहेत. जन्म-मृत्यूची आणि सर्वांच्या विवाहांची सरकारी नोंद १ जानेवारी १८६४ ला सुरू झाली (कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १८४५ पासून), तीही शाबूत आहे. आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई वर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांसकट दिसतात. मूळ पानांसकट हे महत्त्वाचं. अनुक्रमणिकेवर विसंबून मी चार वर्षं घालवली, ते पुढे येईलच.

नावाने शोधू नका, जमिनीने शोधा

आपल्याकडे आडनाव गाव सांगतं. लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले तेव्हा मालवणकडच्या माणसाला वराड कुठे ते कुणी सांगावं लागलं नाही. आयरिश आडनाव असं काही सांगत नाही. सासूबाईंचं माहेर बेअरा द्वीपकल्पावर, अलिहीजच्या तांब्याच्या खाणींकडे. त्या भागात सलिव्हन हे आडनाव म्हणजे खोऱ्यात फेकलेला दगड ज्याला लागेल त्याचं. एकाच वाडीत चार घरं, चारही सलिव्हन, त्यातल्या दोन घरांचे कर्ते जॉन.

त्यावर ‘ओ’ कधी लागतो, कधी गळतो. आयरिश नावांचं इंग्रजीकरण होताना मॅक गोवन कुठे मॅकगाउन राहिला, कुठे भाषांतर होऊन स्मिथ झाला. ब्रिजेट अमेरिकेला गेली की डेलिया होते. होनोरा म्हणजेच नोरा. चर्चच्या वहीत लॅटिन असल्याने जेम्स ‘याकोबुस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मुस’. टायग नावाचा माणूस इंग्रजी कागदावर टिमोथी होतो, कधी थॅडी, आणि डिअर्मुइड होतो जेरेमाया. उच्चारात काही साम्य शोधू नका, प्रथा आहे म्हणून तसं लिहायचे.

मग धरायचं काय? टाउनलँड. आपली वाडी म्हणा. आयर्लंडमध्ये अशा साठ हजारांहून जास्त आहेत, आणि माणूस नाव बदलतो, वय बदलतो, पण त्याच्या घराची टाउनलँड सहसा बदलत नाही. जन्माच्या नोंदीत ती असते, मृत्यूच्या नोंदीत असते, जनगणनेचा फॉर्म तिच्याच नावाने लावलेला असतो. १८४७ ते १८६४ मध्ये छापलेलं ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन टाउनलँडनुसारच आहे: जमीन कोण कसतो, मालक कोण, किती एकर, आकार किती. त्यात एकाच नावाची दोन माणसं आली की पुढे खूण जोडलेली दिसते, कधी बापाचं नाव, कधी धंदा, कधी ‘रुआ’ म्हणजे तांबडा, ‘बॉन’ म्हणजे गोरा. काळा गणपत आणि गोरा गणपत हा प्रकार तुम्हाला समजावायला नको.

ग्रिफिथच्या छापील यादीवर थांबू नका. त्यानंतरच्या फेरफारांची पुस्तकं (रिव्हिजन किंवा ‘कॅन्सल्ड’ बुक्स) बघा. जमीन ज्या ज्या वेळी हस्तांतरित झाली, त्या त्या वेळी कारकुनाने जुनं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवं लिहिलं. शाईचा रंग वर्षाशी जुळवता येतो. सातबाऱ्यावर कंस झालेली नावं आणि फेरफार ज्याने पाहिले आहेत त्याला ही पुस्तकं पाच मिनिटांत कळतात. दक्षिणेकडची डब्लिनला आहेत, उत्तर आयर्लंडची बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहेत. जमीन मुलाकडे न जाता वेगळ्याच आडनावाच्या माणसाकडे गेली तर तो बहुधा जावई किंवा भाचा असतो, आणि त्याच्यामागे एक लेक असते जिचा कागद तुम्हाला अजून मिळालेला नाही.

वय जुळत नाही म्हणून माणूस बाद करू नका

दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारं होण्यामागे सरळ कारण आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना जानेवारी १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू झालं. सत्तर वर्षांच्या माणसाकडे सरकारी जन्मदाखला असणं शक्यच नव्हतं, नोंदणीच १८६४ ची. मग वय सिद्ध करायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घ्यायचे अर्ज केले गेले. ते अर्ज उरले आहेत. म्हणजे जळालेल्या जनगणनेतलं एखादं कुटुंब आई-बाप-भावंडांसह पेन्शनच्या अर्जावर उतरवलेलं सापडू शकतं. हे बघायचं कुणाला सुचत नाही आणि मला मात्र या सगळ्या शोधातलं हेच सगळ्यात गमतीचं वाटतं.

बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर असं दिसलं तरी दचकू नका. नोंद उशिरा केली तर दंड होता, त्यामुळे लोक जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे. तारखेपुरता विश्वास चर्चच्या वहीवर ठेवा.

आमचं प्रकरण

सासूबाईंच्या आजीचा जन्म १८८० चा. तिच्या पाठची भावंडं, आणि शेवटी १८९९ ची धाकटी, जी विशीत मोंटानातल्या ब्यूटला गेली. बेअरातले खाणकामगार तिथल्या तांब्याच्या खाणींवर जायचेच, त्यात नवल नाही. सासूबाईंनी चाचणी केली तेव्हा या धाकटीचा मुलगा, ब्यूटचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, यादीत वर आले. आनंदीआनंद. पण धाकटीचा जन्मदाखला काही मिळेना.

१९०१ चा फॉर्म ३१ मार्चचा. कुटुंबप्रमुख, बायको, मुलगे, मुली, आणि शेवटच्या ओळीत धाकटी, वय दोन, नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’. आजी त्या रात्री घरी नव्हती, कॉर्क शहरात एका घरी कामाला होती. बापाला लिहिता येत नव्हतं, त्याने फुली केली आहे आणि फॉर्म कॉन्स्टेबलने भरला आहे. २ एप्रिल १९११ चा फॉर्मही तसाच, धाकटी बारा वर्षांची, पुन्हा ‘मुलगी’.

१९११ च्या फॉर्मवर एक जादा प्रश्न आहे जो १९०१ मध्ये नव्हता. विवाहित बाईला विचारलंय: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आता हयात किती. तिथे लिहिलंय ३३, ७, ६. मी हा रकाना कितीदा तरी पाहिला होता. मग एका रविवारी चहा घेताना सहज बोटांवर मोजलं. चर्चच्या वहीत १८८० पासून १८९३ पर्यंत सात बाप्तिस्मे. धाकटी आठवी. म्हणजे घरातल्या बाईने नातं सांगताना गावाला सांगायचं ते सांगितलं, आणि आकडा सांगताना खरं बोलून गेली. सातव्या आणि आठव्या मुलात सहा वर्षांचं अंतर, आईचं वय त्रेचाळीस. अशक्य नाही, पण थांबून बघावं इतकं नक्की.

मी परत जन्माच्या नोंदींकडे गेले. बाप आणि आई या दोघांच्या नावांनी शोधणं सोडलं, त्या नोंदणी-जिल्ह्यातल्या १८९८ ते १९०० च्या त्या नावाच्या सगळ्या सलिव्हन मुलींची मूळ पानं एकेक करून उघडली. एकोणिसावं पान. जन्मस्थळ वर्कहाऊस, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायची सरकारी जागा. बापाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आईच्या रकान्यात आजीचं नाव, टाउनलँड आमचीच. ही ओळ अनुक्रमणिकेत मला चार वर्षं दिसत होती. अविवाहित आईचं आडनावही सलिव्हन, मुलीचंही सलिव्हन, त्यामुळे ती वेगळी उठून दिसली नाही, आणि पान उघडायचे कष्ट मी घेतले नाहीत. काखेत कळसा.

धाकटी ही आजीची बहीण नव्हती, मुलगी होती.

एका नोंदीवर असं काही ठरवू नये, कारण त्याच नावाची दुसरी मुलगी त्याच टाउनलँडमध्ये असू शकते. खात्री झाली ती पॅरिशच्या वहीने. आधी पत्र पाठवलं, तीन महिने उत्तर नाही. फोन केल्यावर तिथल्या बाईंनी वही काढून बाप्तिस्म्याची नोंद वाचून दाखवली: आई आजी, गॉडफादर आजीचा सोळा वर्षांचा भाऊ. आणि मग त्या म्हणाल्या, ‘मार्जिनमध्येही काहीतरी आहे.’ १९०८ पासून कॅथलिक चर्चमध्ये माणसाच्या लग्नाची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी करायची पद्धत पडली. ब्यूटला लग्न करताना धाकटीला गावच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला लागला असणार, आणि लग्न झाल्यावर तिथल्या पाद्र्याने इकडे कळवलं असणार. मार्जिनमध्ये लॅटिनमध्ये लिहिलंय: नवऱ्याचं नाव, ब्यूट, १९२५. ब्यूटच्या आजोबांच्या वडिलांचंच नाव.

म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या वेळी तरी त्या मुलीला आपली आई कोण ते कागदावर दिसलं असेल. मुलाला तिने कधी सांगितलं नाही.

सेंटीमॉर्गनचा आकडा इथे फसवतो

‘डीएनएने लगेच कळलं असतं की’ असं मला तीन जणांनी ऐकवलंय. नाही कळत. धाकटी आजीची सख्खी बहीण असो की मुलगी, दोन्हींत दोघींचा सामाईक वाटा सरासरी निम्माच. सेंटीमॉर्गन म्हणजे दोघांचा डीएनए किती सामाईक आहे ते मोजायचं एकक. कागदाप्रमाणे ब्यूटचे आजोबा सासूबाईंच्या आईचे सख्खे मावसभाऊ, म्हणजे सासूबाईंशी त्यांचा आकडा साधारण ४३० सेंटीमॉर्गन. प्रत्यक्षात ते सासूबाईंचे सावत्र मावसभाऊ, त्याला साधारण ४५०. आमचा आकडा ४४१ आला. घ्या.

अशा वेळी तिसऱ्याची लाळ लागते, आणि ती बरोबर फांदीवरची. आजीचा तो गॉडफादर झालेला भाऊ शेतावर राहिला होता, जमिनीच्या पुस्तकात बापाचं नाव खोडून त्याचं लाल शाईत आलेलं मी पाहिलं होतं. त्याची नात आजही तिथेच राहते. धाकटी त्याची बहीण असेल, तर ब्यूटचे आजोबा आणि ही नात यांच्यात ४३० च्या आसपास यायला हवेत. धाकटी भाची असेल, तर पिढी एकाने लांबते आणि २३० च्या आसपास. आले २६८. दोन्ही नात्यांच्या आकड्यांचा पल्ला मोठा असतो आणि एकमेकांवर चढतो, म्हणून नुसत्या २६८ वर मी काही ठरवलं नसतं. वही हातात होती म्हणून त्याला वजन.

२३० पेक्षा थोडा जास्त का, त्याचं एक कारण पुन्हा एका कडेच्या शेऱ्यात निघालं. आजीच्या आईवडिलांच्या १८७८ च्या लग्नाशेजारी पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलंय की तिसऱ्या श्रेणीच्या रक्तसंबंधातून सूट दिली. हा शेरा दिसला की थांबाच. दुसरी श्रेणी म्हणजे नवरा-बायको सख्खे चुलत, आते, मामे किंवा मावस. तिसरी म्हणजे अशा भावंडांची मुलं. चौथी म्हणजे नातवंडं. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानणारी घरं आहेत, इथे त्यांच्या नातवंडांनाही परवानगी लागायची. त्या दोन शब्दांनी नवरा आणि बायको यांच्या घराण्यांना वर कुठे जोडायचं ते कळतं, आणि जिथे अशी लग्नं पिढ्यान्‌पिढ्या झाली आहेत तिथे डीएनएचे आकडे का फुगतात तेही. रक्तसंबंधाऐवजी सोयरिकीचा शेरा असेल, तर दोघांपैकी एकाचं आधी लग्न झालं होतं का ते तपासा. मेलेल्या बायकोच्या नात्यातली मुलगी केलेली असू शकते.

लग्नं शोधताना बायकोचा पॅरिश आधी बघा, आणि महिना बहुधा फेब्रुवारी. उपवासकाळात लग्नं होत नसत, म्हणून त्याआधी रांग लागायची. विवाहनोंदीत वयाऐवजी ‘पूर्ण वय’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे एकवीसच्या वर, बाकी काही नाही.

विसाव्या शतकातली दत्तक मुलं हा वेगळाच विषय आहे. कायदेशीर दत्तकविधान इथे १९५२ च्या कायद्याने आलं, त्याआधी सगळं तोंडी किंवा संस्थांमधून. अशा व्यक्तींना स्वतःच्या जन्माची माहिती मिळवायचा हक्क २०२२ च्या कायद्याने मिळाला आहे, त्यांनी वर सांगितलेल्या खटपटीआधी तो अर्ज करावा.

मुंबई-पुण्याकडच्यांसाठी

घरात आयरिश पणजोबा सैनिक होता असं सांगणारी कुटुंबं मुंबई, पुणे, देवळालीत भेटतात. त्यांनी आयर्लंडमध्ये सुरुवात करू नये. कंपनीच्या फौजेत आयरिश भरती भरपूर होती, आणि मुंबईची जुनी युरोपियन पलटण, रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स, १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या मुंबई इलाख्यातल्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. इथली नेहमीची गफलत म्हणजे आडनाव. सैनिक मेला की विधवेला बराकीत राहायला फार दिवस मिळत नसत, ती काही महिन्यांत दुसऱ्या सैनिकाशी लग्न करायची आणि मुलं नव्या बापाच्या आडनावाने वाढायची. म्हणून लग्नाच्या नोंदीत ‘विधवा’ शब्द दिसला तर आधीची दोन वर्षं दफनाच्या नोंदी उलटून बघा. भरतीच्या कागदावर सैनिकाचा पॅरिश लिहिलेला असतो, तो मिळाला की मग आयर्लंडकडे वळा.

सासूबाईंना सांगावं का, यावर नवऱ्याचं आणि माझं आठवडाभर चाललं होतं. शेवटी मी छापलेली पानं टेबलावर ठेवली. त्यांनी वर्कहाऊसची ओळ चष्मा लावून वाचली, आणि म्हणाल्या, ‘अगं, आजी दर नाताळला ब्यूटला पार्सल पाठवायची. बाकी भावंडं बॉस्टनला होती, त्यांना नुसतं कार्ड.’ ब्यूटच्या आजोबांना सांगायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं, फोनवर, दार लावून.

आता उरली आहे ती आडवी रेघ. ब्यूटच्या आजोबांच्या यादीत तीन लांबचे नातेवाईक आहेत जे सासूबाईंच्या यादीत नाहीत, आजोबांच्या वडिलांकडचेही नाहीत, आणि ते एकमेकांशी जुळतात. तिघांचेही पणजोबा आजीच्या घरापासून दोन मैलांवरच्या एकाच टाउनलँडमधले निघाले. १९०१ मध्ये तिथे घरं सात होती. पुढच्या महिन्यात डब्लिनला जाऊन त्या सात घरांची शाई बघायची आहे.